टाको-बटाटे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात टाकोच्या सारणाने भरलेल्या भाजक्या बटाट्यांची कृती दिली होती. टाको म्हणजे मक्याच्या पोळीच्या कवचात सारण भरलेला मेक्सिकन पदार्थ. सालासकट ओव्हनमध्ये भाजलेला मोठा बटाटा मधोमध चिरायचा, त्यात टाकोच्या मसाल्यात शिजवलेला खिमा किंवा राजमा भरायचा, वर चीज वितळवायचे आणि शेवटी साल्सा, आंबट क्रीम, बारीक चिरलेला लेट्यूस घालायचा. दिवसभराच्या कामानंतर रात्रीच्या जेवणाला हा पदार्थ सोयीचा पडतो, कारण तासाभरातले बहुतेक काम ओव्हन करतो आणि आपल्या वाट्याला वीसेक मिनिटेच येतात. आलेल्या बहुतेक पत्रांत सारणाबद्दल तक्रार आहे. पण ती वाचत गेले की दोष पुन्हा पुन्हा बटाट्यापाशीच सापडतो. म्हणून सुरुवात बटाट्यापासून.

प्रश्न : बटाटा पूर्ण शिजतो, सुरी सहज आत जाते, तरी गर चिकट आणि ओलसर लागतो. सारण घातले की खाली लगदा होतो. मोकळा, भुसभुशीत गर कसा मिळवायचा?

गर चिकट होण्याची मुख्य कारणे तीन आणि बऱ्याचदा ती तिन्ही एकत्र येतात.

पहिले कारण म्हणजे बटाट्याची जात. ज्या बटाट्यात स्टार्च जास्त आणि पाणी कमी, तो भाजल्यावर पिठूळ होतो; त्याच्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि काट्याने ओढला की गर उकलतो. नवा, पातळ सालीचा, चकचकीत बटाटा कितीही वेळ भाजला तरी घट्ट आणि ओलसरच राहतो. त्याची भाजी उत्तम होते, पण या कामाला तो चालत नाही. जाड, खरबरीत सालीचा जुना बटाटा निवडा. जात ओळखता येत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. १ वाटी मीठ ११ वाट्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि त्यात बटाटा सोडा. स्टार्च जास्त असलेला बटाटा जड असल्यामुळे बुडतो, पाणीदार बटाटा तरंगतो. बुडालेले घ्या.

दुसरे कारण, बटाटा लवकर बाहेर काढणे. सुरी आत गेली म्हणजे बटाटा शिजला, हे खरे. पण शिजणे आणि मोकळा होणे यांत पंधरा मिनिटांचे अंतर असते. मध्यभागाचे तापमान ९६ ते ९९ अंश सेल्सिअसला पोहोचले की गर खऱ्या अर्थाने भुसभुशीत होतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तोच वापरा. नसेल तर बारीक सळई बटाट्याच्या सर्वांत जाड भागात घाला. ती कुठेही न अडता आरपार गेली पाहिजे. मध्यावर जरासाही अडसर जाणवला, तर आणखी दहा मिनिटे द्या. बाहेरून दाबून पाहायचे असेल तर हातावर जाड कापड घ्या. साल कडक राहून आतला गर दबला की झाले.

तिसरे कारण लोकांच्या लक्षात येत नाही. बटाटा बाहेर काढून तसाच ठेवला, तर आतली वाफ सालीत कोंडते, गार होता होता तिचे पाणी होते आणि ते गरातच मुरते. पाच-दहा मिनिटांत मोकळा गर जड होतो. म्हणून ओव्हनमधून काढल्या काढल्या लगेच चिरा. लांबीच्या दिशेने एक चीर द्या, दोन्ही टोकांकडून कापडाने धरून मध्याकडे दाबा. गर वर उसळून येतो आणि वाफेचा लोट बाहेर पडतो. वाफ गेली म्हणजे गरातले जादा पाणी गेले. खिमा अजून तयार नसला तरी चिरण्याचे काम थांबवू नका.

आणखी एक काळजी घ्या. गर फक्त काट्याने वरवर मोकळा करा. दाबून कुस्करला किंवा मिक्सरमधून फिरवला तर पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि गराचा चिकट गोळा होतो.

प्रश्न : सारण चमचमीत असते, पण बटाटा मात्र अळणी लागतो. सारणात मीठ वाढवले तर ते खारट होते.

सारणाच्या मिठाला हात लावू नका. गराला वेगळे मीठ लागते. २५० ग्रॅमचा बटाटा चिरून मोकळा केला की त्यात पाव छोटा चमचा मीठ आणि १० ग्रॅम लोणी घाला, काट्याने वरच्या दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत मिसळा, एक मिनिट थांबा आणि मगच सारण घाला. ही पायरी गाळली तर वरचा घास खारट आणि खालचा फिका, असेच होत राहणार. मागच्या अंकातल्या कृतीतली कुठलीही गोष्ट गाळली तरी चालेल, ही मात्र गाळू नका.

प्रश्न : बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून भाजायचे की उघडे? टोचे मारायलाच हवेत का?

उघडे भाजा. फॉइलमध्ये बटाटा भाजला जात नाही, स्वतःच्या वाफेत उकडला जातो. साल ओली आणि लिबलिबीत राहते, गरही जड होतो. या पदार्थात साल खायची असते आणि सारण धरून ठेवायचे कामही तीच करते, त्यामुळे ती कुरकुरीत हवी.

साल कुरकुरीत करण्याची पद्धत अशी : बटाटे घासून धुवा आणि पुसून कोरडे करा. अर्धी वाटी पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात बटाटे सगळीकडून घोळवा. जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही गरम हवा फिरेल. जाळीखाली ट्रे असू द्या. २०० अंशांवर भाजा. बटाटा शिजला की बाहेर काढून त्यावर ब्रशने तेलाचा पातळ हात फिरवा, चार बटाट्यांना मिळून एक मोठा चमचा तेल पुरते, आणि परत दहा मिनिटे आत ठेवा. तेल सुरुवातीलाच चोळले तरी पदार्थ बिघडत नाही, पण शेवटी लावलेल्या तेलाने साल जास्त खुसखुशीत होते. सालीतले पाणी तोवर उडून गेलेले असते आणि तेल तिला थेट तळते.

टोचे मारावेत. बटाटा ओव्हनमध्ये फुटणे क्वचितच घडते, पण फुटला तर ओव्हनभर चिकटलेला स्टार्च खरवडावा लागतो. काट्याने पाच-सहा ठिकाणी, साधारण एक सेंटीमीटर खोल टोचले की पुरे. मायक्रोवेव्हमध्ये मात्र टोचल्याशिवाय ठेवूच नका. तिथे वाफ फार वेगाने तयार होते.

फॉइलबद्दल चवीपलीकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. मातीतून बटाट्याच्या सालीवर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू येऊ शकतात. ओव्हनच्या उष्णतेने ते मरत नाहीत. भाजलेला बटाटा फॉइलमध्ये तसाच बाहेर ठेवला तर आत ओलावा असतो, कोमटपणा असतो आणि हवा जवळपास नसते. बीजाणूंना वाढून विष तयार करायला एवढे पुरते. १९९४ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो शहरात एका उपाहारगृहातल्या जेवणातून ३० जणांना बोट्युलिझम झाला. फॉइलमध्ये भाजलेले बटाटे काही दिवस बाहेरच्या तापमानात ठेवून नंतर त्यांचे डिप केले होते. म्हणून कोणत्याही कारणाने फॉइल वापरलीच, तर बाहेर काढल्यावर लगेच सोडा आणि उरलेला बटाटा फॉइलशिवाय फ्रिजमध्ये ठेवा.

प्रश्न : घरी यायला सात वाजतात. तासभर ओव्हनपाशी थांबणे शक्य नाही. कमी वेळात कसे करता येईल? ओव्हन नसेल तर?

आधी वेळेचा हिशेब मांडू. २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये १५० ते १८० ग्रॅमच्या बटाट्याला ४० ते ४५ मिनिटे, २५० ग्रॅमच्या बटाट्याला ५० ते ६० आणि ३५० ग्रॅमच्या बटाट्याला सव्वा तासापर्यंत वेळ लागतो. पंख्याच्या ओव्हनमध्ये यातून पाच-दहा मिनिटे वजा करा. म्हणजे वेळ वाचवायचा सर्वांत सोपा उपाय लहान बटाटे घेणे हाच. माणशी एका मोठ्याऐवजी १५० ग्रॅमचे दोन घेतले की जेवण पंधरा मिनिटे आधी तयार होते.

आमच्या मते कामाच्या दिवशी सर्वांत चांगला मार्ग मायक्रोवेव्ह आणि ओव्हन यांच्या जोडीचा आहे. एकीकडे ओव्हन २२० अंशांवर तापायला ठेवा. टोचलेले चार बटाटे मायक्रोवेव्हच्या थाळीत कडेने, एकमेकांपासून अंतर ठेवून मांडा. ९०० वॉटवर १५ ते १८ मिनिटे लागतील. निम्म्या वेळी उलटे करा. एकच बटाटा असेल तर ६-७ मिनिटे पुरतात. इथे बटाट्यांची संख्या वाढली की वेळही वाढतो, ओव्हनसारखे नसते. सळई आरपार गेली की तेल आणि मीठ लावून ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटे ठेवा. गर किंचित जड राहतो, पण साल जवळपास पूर्ण भाजल्यासारखी होते आणि सगळे काम अर्ध्या तासात आटोपते. नुसत्या मायक्रोवेव्हवर थांबू नका. साल ओल्या कागदासारखी राहते आणि सारणाच्या वजनाने फाटते.

एअर फ्रायरमध्ये २५० ग्रॅमच्या बटाट्याला २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे लागतात, मध्ये एकदा उलटायचा. साल सुरेख होते. अडचण एवढीच की लहान भांड्यात दोन-तीनच बटाटे मावतात.

प्रेशर कुकर हा नाइलाजाचा मार्ग. तळाशी दीड वाटी पाणी घालून जाळीवर बटाटे ठेवा, पाण्याला टेकू देऊ नका. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर १२ ते १५ मिनिटे ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. मग बटाटे अर्धे चिरून, पाच मिनिटे उघडे ठेवून वाफ जाऊ द्या आणि जाड तव्यावर एक मोठा चमचा तेलात चिरलेली बाजू खाली ठेवून मध्यम आचेवर लालसर होईपर्यंत परता. यात सालीऐवजी कापलेली बाजू कुरकुरीत होते. सारण त्याच बाजूवर पसरा.

प्रश्न : टाको मसाल्याचे पाकीट मिळत नाही. घरी करायचा तर प्रमाण काय? एका अमेरिकन कृतीप्रमाणे तीन मोठे चमचे तिखट घातले आणि कोणालाच खाता आले नाही.

अमेरिकन कृतीत ‘चिली पावडर’ या नावाने जे तिखट लिहिलेले असते, ते बहुधा सौम्य मिरची, जिरे, ओरेगानो आणि लसूण यांचे तयार मिश्रण असते. शुद्ध मिरचीपूड त्याच मापाने घातली तर असेच होणार. ५०० ग्रॅम खिम्यासाठी किंवा तेवढ्याच शिजवलेल्या राजम्यासाठी आमचे प्रमाण असे आहे. छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, सपाट भरलेला.

लाल तिखट १, पेप्रिका १ (नसेल तर रंगाला चांगले आणि तिखटपणाला कमी असे कोणतेही लाल तिखट), जिरेपूड २, ओरेगानो १, लसूण पावडर १, कांदा पावडर अर्धा, धणेपूड अर्धा, मिरपूड अर्धा, मीठ १, कॉर्नफ्लोअर १.

या मसाल्याची ओळख जिऱ्यात आहे, तिखटात नाही. जिरे अख्खे घेऊन कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा आणि ताजे कुटा. हा एकच बदल केला तरी विकतच्या पाकिटापेक्षा मसाला सरस होतो. ओरेगानो घालताना तळहातावर चोळून घाला. मेक्सिकन ओरेगानो मिळाला तर जरूर घ्या. ती वेगळ्याच कुळातली वनस्पती आहे आणि तिला लिंबाच्या जवळ जाणारा वास असतो. नेहमीचा ओरेगानो पुदिन्याच्या कुळातला. तोही चालतो, फक्त त्याचे प्रमाण चमच्याच्या वर नेऊ नका, नाही तर पिझ्झाची चव येते.

कॉर्नफ्लोअर चवीसाठी नाही, रस दाट होऊन खिम्याला चिकटून राहावा म्हणून आहे. मसाला साठवायचा असेल तर मीठ न घालता चौपट करून हवाबंद बरणीत ठेवा. मीठ दर वेळी वेगळे घातले की हात चुकत नाही. पाकीटच वापरत असाल तर त्यात मीठ असतेच, हे धरून चाला.

प्रश्न : खिमा परतताना खूप पाणी सुटते. तो करडा दिसतो आणि गुठळ्या राहतात. शेवटी आटवला तर कोरडा होतो. बटाट्यासाठी सारण किती ओले असावे?

पाणी सुटते कारण कढई पुरेशी तापलेली नसते आणि खिमा तिच्या मानाने जास्त असतो. ५०० ग्रॅम खिम्याला तळाशी किमान २८ सेंटीमीटर रुंद पसरट भांडे घ्या. लहान असेल तर दोन वेळा करून परता. भांडे चांगले तापवा, एक मोठा चमचा तेल घाला, खिमा पसरा आणि तीन मिनिटे त्याला हात लावू नका. ढवळायचा मोह इथेच आवरायचा असतो. सतत ढवळले की भांड्याचा तळ गार होतो, सुटलेले पाणी उडून जात नाही आणि खिमा त्यातच उकडतो. खालची बाजू गडद तपकिरी झाली की उलटा आणि आता लाकडी उलथन्याच्या कडेने किंवा बटाटे कुस्करायच्या यंत्राने गुठळ्या फोडा.

जादा चरबी काढून टाका, पण एक मोठा चमचाभर ठेवा. मसाल्याचा स्वाद चरबीतच उतरतो. एक मध्यम कांदा बारीक चिरून त्यात चार मिनिटे परता. मग मसाला घालून ३० सेकंद हलवा. मसाला करपायला फार वेळ लागत नाही, म्हणून पाणी आधीच हाताशी मोजून ठेवा. टोमॅटो पेस्ट दोन मोठे चमचे घालून मिनिटभर परता, १५० मिलिलिटर पाणी घाला आणि मंद आचेवर सहा ते आठ मिनिटे शिजवा. शेवटी एक छोटा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला.

आता ओलेपणाचे. टाकोच्या कवचात सारण कोरडे हवे, नाही तर कवच भिजून तुटते. बटाट्याचे उलटे आहे. गर रस शोषतो, त्यामुळे टाकोसाठी अचूक असलेले सारण बटाट्यात कोरडे आणि भुगाभुगा लागते. दोन घासांनंतर घशाशी अडकते ते याचमुळे. पण पातळ रस्साही नको, तो तळाशी उतरून साल भिजवतो. खूण अशी : उलथन्याने भांड्याच्या मधोमध रेघ ओढा. तळ दिसावा आणि दोन सेकंदांत रस हळूहळू परत जवळ यावा. रस लगेच आला तर आणखी आटवा. आलाच नाही तर दोन-तीन चमचे गरम पाणी घाला.

एवढे सारण चार बटाट्यांना पुरते, प्रत्येकी साधारण १०० ग्रॅम. खिमा मटणाचा किंवा बीफचा असेल तर ७१ अंश आणि चिकनचा असेल तर ७४ अंश आतले तापमान गाठले पाहिजे; वरच्या पद्धतीत ते सहज होते. चिकनच्या खिम्यात चरबी कमी असते, त्याला तेल दोन चमचे घ्या.

प्रश्न : आम्ही मांसाहार करत नाही. राजमा वापरला तर सारण सुटे सुटे राहते, बटाट्यावरून घरंगळते. सोया चालेल का?

शिजलेल्या राजम्याचा एक तृतीयांश भाग कुस्करून परत मिसळा. तो सारणाला बांधून ठेवतो. १५० ग्रॅम कोरडा राजमा शिजून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास होतो आणि कांदा-टोमॅटोसह चार बटाट्यांना पुरतो. मसाला वरच्या प्रमाणाच्या पाऊणपट घ्या. डबाबंद राजमा घेतला तर निथळून, धुऊन घ्या. काळा घेवडा मिळाला तर तोही छान लागतो. राजमा शिजवलेले पाणी टाकू नका, वरच्या १५० मिलिलिटर पाण्याऐवजी तेच घाला.

कोरड्या राजम्याबाबत एक दक्षता घ्या. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन (एक प्रकारचे प्रथिन) असते आणि त्याने जोरदार उलट्या होऊ शकतात. आठ-दहा तास भिजवा, भिजवलेले पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात घाला आणि किमान दहा मिनिटे खळखळून उकळा. त्यानंतर मऊ होईपर्यंत शिजवा. प्रेशर कुकरमध्ये हे आपोआप साधते. पण मंद आचेच्या विजेच्या स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका. तिथे पाणी उकळीला पोहोचत नाही आणि अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक त्रास देऊ शकतो.

सोया चालतो. बारीक दाण्यांचा घ्या, १०० ग्रॅम कोरडा. गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवा आणि मुठीत धरून पाणी पूर्ण पिळून काढा, दोनदा धुऊन पिळलात तर त्याचा उग्र वास जातो. सोयाच्या या दाण्यांत चरबी जवळपास नसते, म्हणून तीन मोठे चमचे तेलात तो कडा लालसर होईपर्यंत परता, मगच मसाला घाला. मसाला पूर्ण मापाने लागतो. पिळायचा कंटाळा केला तर त्याच्या आतले पाणी मसाल्याला आत शिरू देत नाही आणि सारण कितीही परतले तरी फिकेच लागते.

प्रश्न : चीज वितळून एकजीव होत नाही. कधी तेल सुटते, कधी रबरासारखे होते.

किसलेल्या चीजचे पाकीट आणत असाल तर ते सोडा. किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यावर स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड असते आणि तीच वितळण्याच्या आड येते. वडी आणून घरीच किसा, प्रत्येक बटाट्याला ३० ग्रॅम. तेल सुटते ते जुन्या, मुरलेल्या चेडरला फार वेळ कडक आच लागल्यामुळे. प्रथिने आवळतात आणि चरबी बाहेर फेकतात. अर्धे चेडर आणि अर्धे माँटेरे जॅक किंवा मोझरेला घ्या. सारण गरम असतानाच चीज पसरा आणि २०० अंशांवर चार ते पाच मिनिटेच ठेवा. वितळले की काढा, लाल व्हायची वाट पाहू नका.

प्रश्न : आंबट क्रीम मिळत नाही. साल्सा घातला की सगळे पाणी पाणी होते. अॅव्होकाडो काळा पडतो.

१५० ग्रॅम चक्का, दोन मोठे चमचे ताजी साय किंवा क्रीम, एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ एकत्र फेटा. ओव्हनमध्ये जाऊ देऊ नका, फाटते. चीज वितळून बटाटा बाहेर आला की एक मिनिट थांबून मग घाला.

साल्सासाठी २५० ग्रॅम घट्ट टोमॅटो चिरून बिया काढा, पाव छोटा चमचा मीठ लावून गाळणीत पंधरा मिनिटे ठेवा. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू त्यानंतर. निथळलेले पाणी खिम्यात ओता, वाया घालवू नका.

अॅव्होकाडो हवेमुळे काळा पडतो. लिंबू लावा आणि प्लास्टिकचा पातळ कागद थेट पृष्ठभागाला चिकटवून ठेवा. बी आत ठेवल्याने बीखालचा भाग तेवढा हिरवा राहतो, बाकीच्याला काही उपयोग नाही.

थरांचा क्रमही महत्त्वाचा आहे. मीठ-लोणी लावलेला गर, सारण, चीज, मग ओव्हन; बाहेर आल्यावर क्रीम, साल्सा, लेट्यूस आणि सर्वांत शेवटी, ताटात वाढताना, चुरलेले टॉर्टिया चिप्स. चिप्स आधी घातले तर दोन मिनिटांत मऊ पडतात.

प्रश्न : बारा माणसांना एकाच वेळी गरम वाढायचे आहे. जमेल?

जमेल, आणि या पदार्थाची खरी सोय तिथेच दिसते. बारा बटाटे वजनाने शक्य तितके सारखे निवडा. एक ४०० ग्रॅमचा आणि एक १५० ग्रॅमचा असेल तर एकत्र तयार होणारच नाहीत. दोन बटाट्यांत तीन सेंटीमीटर अंतर ठेवा. दोन जाळ्या वापरल्या तर अर्ध्या तासाने वरची खाली, खालची वर करा. गच्च भरलेल्या ओव्हनला दहा-पंधरा मिनिटे जास्त द्या. पाहुणे उशिरा आले तर वर छोटी चीर देऊन, वाफेला वाट करून, ९५ अंशांवर अर्धा तास ठेवता येतात. त्यापुढे गर वाळायला लागतो. खिमा झाकून ६० अंशांच्या वर गरम राहू द्या. भरायचे काम ज्याचे त्याला करू द्या. तिखट न खाणारी मुले आणि शाकाहारी मंडळी यांची सोय आपोआप होते.

प्रश्न : आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल? उरलेले किती दिवस टिकते?

सारण आदल्या दिवशीच करा, ते मुरल्यावर चव वाढते. फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगले राहते, म्हणून सुट्टीच्या दिवशी दुप्पट करून अर्धे गोठवणे शहाणपणाचे. गरम करताना थोडे पाणी घाला, कारण कॉर्नफ्लोअरमुळे ते थंड झाल्यावर घट्ट होते. मसाला महिनाभर आधी करा, चीज सकाळी किसून ठेवा. साल्सा मात्र त्याच दिवशीचा हवा.

भाजलेले बटाटे दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजेत आणि तीन-चार दिवसांत संपवावेत. थंडीने त्यांचा स्टार्च आवळून गर घट्ट होतो. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटे आणि मग २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवले की बराच सुटतो. नव्यासारखा मात्र होत नाही. म्हणून उरलेल्या बटाट्यांचे दुसऱ्या दिवशी वेगळे काहीतरी करणे आम्हाला जास्त पटते : अर्धे चिरून गर काढा, सालीला पाऊण सेंटीमीटर जाडीची भिंत राहू द्या, कवचे तेल लावून २२० अंशांवर पंधरा मिनिटे कुरकुरीत करा. गरात लोणी, दोन चमचे क्रीम आणि उरलेले सारण हलक्या हाताने मिसळून परत भरा, चीज घालून दहा मिनिटे भाजा.

प्रश्न : बटाट्याऐवजी रताळे?

चालते. २०० अंशांवर ४५ ते ६० मिनिटे भाजा. ट्रेवर कागद घाला, कारण साखर पाझरून करपते. साल कुरकुरीत होत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. गोडव्याला तोलण्यासाठी लिंबू दुप्पट करा, काळ्या घेवड्याचे सारण घ्या आणि गराला लोणी न लावता नुसते मीठ लावा.

प्रश्न : बटाटे फ्रिजमध्ये ठेवले होते. भाजल्यावर गर गोडसर लागला आणि तपकिरी झाला. शिवाय काहींवर हिरवे डाग आहेत. हे खावेत का?

कच्चा बटाटा फ्रिजच्या थंडीत स्टार्चची साखर करतो. गोडी आणि गडद रंग त्याचाच, आणि तापमान वाढले की अशा बटाट्यात अॅक्रिलामाइड हे हानिकारक मानले जाणारे द्रव्यही जास्त तयार होते. अंधाऱ्या, हवेशीर, थंड जागी ठेवा, कांद्यांपासून दूर. हा गोड बटाटा खाल्ल्याने लगेच काही बिघडत नाही, पण पुढची खेप फ्रिजबाहेर ठेवा.

हिरव्या डागांचे तसे नाही. हिरवा रंग उजेडामुळे येतो आणि तो हरितद्रव्याचा असतो, पण त्याच्याबरोबर सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषारी द्रव्ये वाढतात. ती मुख्यतः सालीत आणि सालीलगत असतात आणि भाजून नाहीशी होत नाहीत. भाजीसाठी बटाटा जाड सोलून हिरवा भाग काढून टाकता येतो. इथे साल खायची आहे, तेव्हा हिरवट किंवा कोंब आलेला बटाटा या पदार्थाला घेऊ नका. भाजलेला बटाटा कडवट लागला किंवा जिभेला चुरचुरला तर तो तिथेच टाकून द्या.